दावा बुडतो तो पहिल्याच रात्री

खालचा घटनाक्रम कोणा एका माणसाचा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ज्या चुकांपायी खरे दावे फेटाळले जातात, त्या इथे एका कल्पित माणसाच्या वाट्याला दिल्या आहेत. माणूस कल्पित आहे, कायदा खरा आहे.

संध्याकाळी ७.२०
चाकणजवळ, पुणे-नाशिक महामार्ग. तिशीतला एक वेल्डर पहिली पाळी आणि ओव्हरटाइम संपवून मोटरसायकलवरून घरी निघालाय. हेल्मेट डोक्यावर, लायसन्स खिशात. डाव्या बाजूने एक छोटा हत्ती टेम्पो इंडिकेटर न देता आडवा येतो. उजव्या पायाची नडगी मोडते, उजवं मनगट पिचतं. डोकं वाचतं.

७.३०
गर्दी जमते. टेम्पोवाला हात जोडतो, "चूक माझीच आहे, दवाखान्याचा सगळा खर्च देतो, फक्त पोलीस नकोत." दोन्ही गाड्या बाजूला घेतल्या जातात. रस्त्यावरच्या काचा, घसरल्याच्या खुणा, टेम्पोची नंबरप्लेट, कशाचाच फोटो कोणी काढत नाही. पाहणारे निघून जातात, कारण साक्षीत अडकू अशी त्यांना भीती वाटते. खरं तर जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. ११२ ला फोन केला असता तरी पोलिसांकडे वेळेची नोंद राहिली असती.

रात्री ८.१५
दवाखान्याचा अपघात विभाग. जखमी कळवळतोय, म्हणून डॉक्टर मेव्हण्याला विचारतात, काय झालं? मेव्हण्याने अपघात पाहिलेला नाही. पोलिसांचं नाव काढलं की उपचार थांबतील, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. तो म्हणतो, "गाडीवरून घसरून पडले." डॉक्टर तेच लिहितात. पोलिसांना कळवायच्या प्रकरणांत त्याची नोंद होत नाही.

या घटनाक्रमातला सगळ्यात घातक क्षण हाच, आणि त्या खोलीत तो कोणालाच जाणवत नाही. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे भरपाई मागता येते. आपणच घसरलो असू, तर मागायची कोणाकडे? स्वतःच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा स्वतःच्या जखमेला लागू होत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू किंवा अवयव, डोळा गमावण्यासारख्या ठरावीक अपंगत्वासाठी असतं. मोडून जुळलेल्या हाडाला त्यातून काही मिळत नाही.

त्याच वाक्याने आणखी एक दार बंद होतं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात. पण त्यासाठी अपघाताला पोलिसांचा दुजोरा लागतो, आणि पोलिसांना काही माहीतच नाही.

रात्री ११.००
टेम्पोचा मालक येतो, दहा हजार रोख देतो आणि एका कागदावर सही मागतो: आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. "दाजी, करून टाका, माणूस चांगला वाटतोय," मेव्हणा म्हणतो. दाजी डाव्या हाताने सही करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी १०.००
भाऊ मोटरसायकल गॅरेजला टाकतो. वाकलेलं फुटरेस्ट, टाकीवर लागलेला टेम्पोचा रंग, सगळं दुपारपर्यंत निघून जातं. पंचनाम्यात आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत आलं असतं, तर हाच धडकेचा बोलका पुरावा ठरला असता.

संध्याकाळी ७.२०
चोवीस तास झाले. एवढ्या वेळात पोलीस ठाण्याला अपघात कळवणं टेम्पोचालकाला बंधनकारक होतं. त्याने कळवलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी
२०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. जखमीने धावाधाव न करताही दावा उभा राहावा, अशी ती सोय आहे. खबरच नसल्याने ते चक्र फिरतच नाही.

तिसरा आठवडा
पायात रॉड, मनगटात प्लेट. कर्ज झालंय, टेम्पोमालकाचा फोन बंद. आता गुन्हा नोंदवला जातो. रस्त्यालगतच्या पंपावरचं सीसीटीव्ही चित्रण केव्हाच पुसलं गेलंय. उशिरा नोंदलेल्या गुन्ह्यामुळे दावा आपोआप पडत नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय. पण इथे उशिराच्या जोडीला दवाखान्याचा तो कागद आहे.

सहावा महिना
"पूर्ण बरा झालो की वकिलाकडे जाऊ," असं घरात ठरलेलं. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. शेवटच्या आठवड्यात अर्ज कसाबसा दाखल होतो. अर्धी बिलं हरवलेली, अपंगत्वाचा दाखला काढलेला नाही.

उलटतपासणीचा दिवस
विमा कंपनीचे वकील दवाखान्याचा तो एकच कागद पुढे करतात. त्यांच्या संशयाला कारण आहे. न झालेल्या धडकेत भलतंच वाहन गोवून केलेले खोटे दावे देशात उघडकीला आलेत, म्हणून पहिल्या रात्रीच्या नोंदीला वजन असतं. खऱ्या जखमीला त्याची किंमत मोजावी लागते, याचा मला मनापासून राग येतो. टेम्पोने धडक दिल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून दावा नामंजूर.

वेल्डरच्या उजव्या मनगटाची किंमत कायद्याला ठाऊक आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालानुसार अपंगत्वाच्या टक्क्यावर न थांबता, त्या अपंगत्वाने माणसाची कमाई किती बुडते हे पाहायचं असतं. तेच मनगट कारकुनाचं असतं तर हिशोब वेगळा झाला असता. या माणसाचं प्रकरण त्या हिशोबापर्यंत पोहोचलंच नाही.

म्हणून विनंती आहे. आपल्या माणसाला अपघातानंतर दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांना खरं तेच सांगा: कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली. पाहिलं नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा. पोलिसांना कळवा, असं दवाखान्याला तुम्हीच सांगा. त्या घाईत चुकीचं लिहिलं गेलंच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि तिथूनच पोलिसांत जबाब द्या. तडजोडीच्या कागदावर दवाखान्याच्या खाटेवरून सही करू नका.