दरसाल पुसली जाणारी चित्रं

१९७८च्या उन्हाळ्यात मोरोक्कोमधल्या असिला गावात ११ चित्रकार रंगाच्या बादल्या आणि कुंचे घेऊन जुन्या वस्तीत शिरले. टँजिअरच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर, अटलांटिकच्या अगदी काठावर वसलेलं हे कोळ्यांचं गाव. भोवती पोर्तुगीजांची दणकट तटबंदी, पण आतली घरं पडायला आलेली, रस्ते उखडलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा. भिंतींना आधी चुन्याचा हात द्यावा लागला, मगच त्यांच्यावर चित्रं उमटली.

चित्रकारांना बोलावणारे दोघेही गावचेच होते. छायाचित्रकार मोहम्मद बेनाइसा आणि चित्रकार मोहम्मद मेलेही १९७६मध्ये नगरपालिकेवर निवडून आले होते. कलाकारांनी नगरसेवक व्हावं आणि गटारांचे प्रश्न हाताळावेत, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही नवलाचीच. मेलेही रोम आणि न्यूयॉर्कमध्ये राहून आलेला, पुढे कासाब्लांकाच्या कलाशाळेत शिकवणारा. १९६९मध्ये त्याने फरीद बेलकाहिया, मोहम्मद शेब्बा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर माराकेशच्या जेमा एल-फ्ना चौकात चित्रं उघड्यावर मांडली होती. गारुडी, कथेकरी आणि फळविक्यांच्या गर्दीत! सरकारी प्रदर्शनांना ते त्यांचं उत्तर होतं. असिलात त्याने तोच विचार आपल्या गावाच्या भिंतींवर आणला.

उत्सवाला नाव दिलं ‘मौसेम’. मोरोक्कोत एखाद्या अवलियाच्या कबरीपाशी दरसाल भरणाऱ्या जत्रेला मौसेम म्हणतात, आपल्याकडच्या उरुसासारखंच. नाव ओळखीचं असल्याने गावाला हा प्रकार परका वाटला नसावा. उत्सवाआधी घरांना चुना लावायचा, पोरांनाही रंग द्यायचे, पाहुण्या चित्रकारांनी गल्लीतच काम करायचं, असा रिवाज पडला. मेलेहीच्या चित्रांतल्या लाटा जुन्या वस्तीच्या फरसबंदीतही उतरल्या.

खारा वारा भिंतीवरचं चित्र फार दिवस टिकू देत नाही. त्यामुळे भिंती पुन्हा पांढऱ्या होतात आणि त्यांवर दुसऱ्या कुणाचं चित्र येतं. गेल्या वर्षीचं चित्र गेलं म्हणून इथे कुणी गळा काढत नाही. वारसा म्हणजे काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू, असं मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

या भिंतींनी रंगाआधी रक्तही पाहिलं आहे. १४७१मध्ये पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोने असिला जिंकलं. त्या स्वारीची दृश्यं विणलेले भव्य पडदे आजही स्पेनमधल्या पास्त्राना इथे आहेत. १५७८मध्ये सेबास्तियाव राजा सैन्य घेऊन याच परिसरात उतरला आणि अल-कसर-अल-कबीरच्या लढाईत मारला गेला. त्याला मूल नव्हतं. दोनच वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि तिच्याबरोबर गोवा, वसई, चौलही. आपल्या किनाऱ्याचा धनी बदलण्यामागे या गावाजवळचं एक रणांगण होतं, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

गावातली दुसरी वास्तू रायसुनीची. हा टोळीप्रमुख १९०४मध्ये टँजिअरमधून आयन पर्डिकॅरिस या श्रीमंत रहिवाशाला पळवून नेण्याइतका धीट होता. त्यापायी अमेरिकेने युद्धनौका धाडल्या होत्या. पुढे त्याने समुद्राच्या तोंडावर वाडा बांधला. कैद्यांना तो वाड्याच्या खिडकीतून खाली उडी मारायला लावायचा, अशी दंतकथा आहे. आता त्याच वाड्यात संस्कृती केंद्र चालतं आणि पाहुणे कलाकार तिथे काम करतात.

१९८९मध्ये असिलाच्या पुनरुज्जीवनाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तो केवळ चित्रांसाठी नव्हता; चित्रांच्या निमित्ताने घरंदारं आणि रस्ते दुरुस्त झाले, याची ती पावती होती. पण नावलौकिकाबरोबर गिऱ्हाईकही आलं. जुन्या वस्तीतली घरं बाहेरच्यांनी, युरोपियनांनीही, सुट्टीसाठी घेतली आणि जागांचे भाव चढले. शिवाय बेनाइसाच्या हाती १९८३पासून नगराध्यक्षपद होतं, तेही दशकानुदशकं. मधली काही वर्षं तो देशाचा परराष्ट्रमंत्रीही होता. उत्सव आणि सत्ता एकाच मुठीत राहिल्याची टीका त्याला ऐकावी लागली, आणि ती अगदीच वावगी नव्हती. मेलेही २०२०मध्ये गेला, बेनाइसा २०२५मध्ये. यापुढे चुन्याचा खर्च आणि चित्रकारांची निवड दोन्ही नव्या माणसांना ठरवावी लागणार आहे.