‘मुंबई उपनगर’ नावाचा मतदारसंघ

पहिल्या लोकसभेत मुंबईचे चार खासदार होते. शहर दक्षिणमधून स. का. पाटील आले. शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ, तिथून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांनी डॉ. आंबेडकरांचा पराभव केला, म्हणून १९५१-५२च्या मुंबईची आठवण निघाली की चर्चा तिथेच घुटमळते. चौथे नाव फारसे कुणी घेत नाही. ते होते जयश्री नैषध रायजी, आणि त्यांचा मतदारसंघ होता ‘मुंबई उपनगर’. या नावाने लोकसभेची निवडणूक एकदाच झाली.

गंमत म्हणजे ज्या जिल्ह्याचे हे नाव, तो जिल्हा मतदानाच्या आधीच पुसला गेला होता. माहीमच्या खाडीपलीकडचा हा मुलूख मुळात साष्टीचा. पोर्तुगीजांकडून तो चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, १७७४मध्ये ठाण्यासह इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे दीर्घकाळ ठाणे जिल्ह्याचा भाग राहिला. मुंबई वाढू लागली तसे १९२०मध्ये साष्टीचा दक्षिण भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा झाला. मुख्य ठाणे वांद्रे. १९२५मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८मध्ये पश्चिमेकडे ती बोरिवलीपर्यंत गेली. भातखाचरे आणि ईस्ट इंडियन लोकांची गावठाणे यांच्या मधल्या जागेत चाळी, सोसायट्या, कारखाने उभे राहिले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित चेंबूर, मुलुंडला आले. १९५०मध्ये अंधेरी, कुर्ला, घाटकोपर हा सारा पट्टा जोगेश्वरी-भांडुपपर्यंत बृहन्मुंबईत घेतला गेला आणि जिल्हा संपला. नाव मात्र लोकसभेच्या नकाशावर टिकून राहिले.

त्या निवडणुकीच्या बऱ्याच मतपेट्याही याच उपनगरात घडल्या. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले असे आणि मतदार आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकत असे. म्हणजे उमेदवार जितके, तितक्या पेट्या, आणि तेही देशभरातल्या प्रत्येक केंद्रावर. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने अशा १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या बनवल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपले मत स्वतःच्या हाताने, गुप्तपणे देता यावे, यासाठी ही सारी खटपट होती. ती आठवली की त्या पिढीच्या राज्यकर्त्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

जयश्रीबेनचे माहेर सुरतेच्या मेहतांचे. आजोबा नंदशंकर मेहता म्हणजे ‘करण घेलो’ या गुजरातीतल्या पहिल्या कादंबरीचे लेखक. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातले. मुलींच्या शिक्षणाला राज्याचे काम मानणाऱ्या त्या बडोद्यात जयश्रीबेन कॉलेजात शिकल्या. धाकटी बहीण हंसा मेहता संविधान सभेत होती. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने तिने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला. जयश्रीबेनचे मैदान मात्र रस्ता. परदेशी मालाच्या दुकानांसमोर त्यांनी निदर्शने केली आणि ‘चले जाव’च्या काळात तुरुंगवास भोगला. लोकसभेत गेल्या तेव्हा पंचावन्नी ओलांडली होती. हिंदू विवाह आणि वारसा कायदे ज्या लोकसभेने मंजूर केले, तिच्यात मुंबईच्या चौघांपैकी त्या एकट्याच स्त्री होत्या. मुंबईच्या पहिल्या स्त्री खासदाराचे नाव शहराला पाठ असायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

१९५७मध्ये फेररचना झाली. पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि मतदारसंघाच्या नावातून ‘उपनगर’ गळाले. ‘शहर उत्तर’ हे जुनेच नाव आता उपनगरांना मिळाले. तिथून व्ही. के. कृष्ण मेनन उभे राहिले आणि गोव्याच्या मुक्तिलढ्यातले समाजवादी पीटर अल्वारिस यांना हरवून जिंकले. १९६२ची ‘उत्तर मुंबई’ची लढत तर देशभर गाजली. समोर आचार्य कृपलानी, मेननसाठी खुद्द नेहरू मैदानात, सभांना दिलीपकुमार. दोनच महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता आणि मेनन संरक्षणमंत्री होते. कृपलानींच्या जवळपास दुप्पट मते त्यांना पडली. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले आणि मंत्रिपद गेले.

१९६७पर्यंत लोकसंख्या इतकी फुगली की एका जागेच्या दोन कराव्या लागल्या, ईशान्य आणि वायव्य. काँग्रेसने मेननना तिकीट नाकारले. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. पानशेत धरण फुटल्यावर पुणे सावरणारे स. गो. बर्वे त्यांच्यासमोर होते. नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेने मेननविरुद्ध ‘परका’ हा मुद्दा तापवला. बर्वे जिंकले, पण निकालानंतर काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेननना हरवले.

ही कथा नेहमी मेनन, कृपलानी, बर्वे अशीच सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा धागा जास्त मोलाचा वाटतो. रायजींनंतर या मुलखाने तारा सप्रेंना पाठवले. १९७७मध्ये मुंबईच्या सहा जागा झाल्या, तेव्हा उत्तर मुंबईतून मृणाल गोरे गेल्या. गोरेगावच्या नळांसाठी हंडे घेऊन मोर्चे काढणारी ही बाई आणीबाणीत तुरुंगात होती. चाळीत पहाटे नळाला पाणी यायचे तेव्हा रांगेत बायकाच उभ्या असायच्या. मृणालताईंचे राजकारण त्या रांगेतच घडले, म्हणून ते कुणा पक्षाच्या कार्यालयातून उसने घेता आले नसते. तेव्हाच्या उपनगरांत पाणी, रेशन, घर हेच मुख्य प्रश्न होते आणि त्यांचा भार सर्वांत आधी बाईवर पडत होता. तिथे स्त्री उमेदवार उपरी वाटली नाही, याचे कारण मला यातच दिसते.

१९८९मध्ये ईशान्य मुंबईने जयवंतीबेन मेहतांना निवडून दिले. दक्षिण मुंबईत, म्हणजे फोर्ट-मलबार हिलच्या जुन्या, श्रीमंत मुंबईत, तोवर एकही स्त्री खासदार झाली नव्हती. ती झाली १९९६मध्ये, आणि तिथे जिंकल्या त्याही जयवंतीबेनच.