गव्हर्नराची लेखणी : इलिनॉय राज्याची कथा

इ. स. १८१८ हें साल पेशवाईच्या अस्तामुळें मराठी मनाला विसरतां येत नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३ डिसेंबर रोजीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास इलिनॉय नांवाचें विरळ वस्तीचें एक राज्य अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकविसावें म्हणून दाखल झालें. पुढच्याच वर्षीं मुंबईस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर झाले. आणि इलिनॉयमध्यें राज्यकारभार पाहणाऱ्या पुरुषासही गव्हर्नर हीच संज्ञा होती. नांव एक, पण अधिकाराचा उगम अगदीं भिन्न. मुंबईचा गव्हर्नर कंपनी सरकारनें नेमलेला. इलिनॉयचा गव्हर्नर तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनीं व व्यापाऱ्यांनीं मतें देऊन निवडलेला. एकाला वरच्यांची मर्जी सांभाळावयाची, दुसऱ्याला खालच्यांची. लोकांनीं निवडलेला अधिकारी प्रसंगीं लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध उभा राहूं शकतो काय, या प्रश्नाचें उत्तर ज्यास शोधावयाचें असेल त्यास इलिनॉयच्या गव्हर्नरांच्या परंपरेसारखें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

या राज्याच्या पहिल्या घटनेनें गव्हर्नरास फारच थोडी सत्ता दिली होती. मुदत चार वर्षांची. ती संपल्यावर लागोपाठ पुन्हां निवडून येण्यास बंदी. वार्षिक वेतन १,००० डॉलर. विधिमंडळाचा कायदा परत धाडण्याचा अधिकार त्याला एकट्याला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांबरोबर बसून तो वापरावा लागे, आणि विधिमंडळानें साध्या बहुमतानें तो कायदा पुन्हां संमत केला कीं तेथेंच विषय संपे. परंतु एक अधिकार मात्र घटनेनें त्याच्या एकट्याच्या हातीं ठेवला होता. न्यायालयानें शिक्षा दिलेल्या माणसास क्षमा करण्याचा तो अधिकार होय. पुढील दोनशें वर्षांचा इतिहास पुष्कळसा या एका लेखणीभोंवतीं फिरला आहे.

पहिले गव्हर्नर शॅड्रॅक बाँड यांच्यानंतर १८२२ सालीं एडवर्ड कोल्स हे अधिकारावर आले. कोल्स मूळचे व्हर्जिनियाचे, श्रीमंत जमीनदार घराण्यांतले. अध्यक्ष मॅडिसन यांचे ते खाजगी चिटणीस होते. वडिलोपार्जित गुलाम त्यांच्या वांट्याला आले होते, पण माणसानें माणसाचें स्वामित्व मिरवावें हें त्यांच्या मनाला पटेना. १८१४ सालीं त्यांनीं वयोवृद्ध जेफर्सन यांना पत्र लिहून गुलामगिरीच्या उच्छेदाचें पुढारीपण पत्करण्याची विनंति केली. जेफर्सन यांनीं आपल्या वयाकडे बोट दाखवून हें काम तरुणांनीं करावें असें कळविलें. तेव्हां कोल्स यांनीं स्वतःपासूनच आरंभ केला. १८१९ च्या वसंतऋतूंत ते आपल्या गुलामांसह नावांतून ओहायो नदीच्या प्रवाहानें पश्चिमेकडे निघाले आणि वाटेंत, भर नदींत, त्यांनीं त्या सर्वांस एकत्र करून सांगितलें कीं आजपासून तुम्ही स्वतंत्र आहां. इलिनॉयमध्यें एडवर्ड्सव्हिल गांवाजवळ त्यांनीं त्यांना १६० एकरांच्या जमिनीही दिल्या.

असा पुरुष गव्हर्नर झाला तो बहुमतानें नव्हे. चार उमेदवारांत गुलामगिरीच्या पक्षपात्यांचीं मतें विभागलीं गेलीं आणि सुमारें एकतृतीयांश मतांवर कोल्स निवडून आले. विधिमंडळ त्यांच्या विरुद्धच होतें. ओहायो नदीच्या उत्तरेस गुलामगिरी नसावी असा १७८७ चा कायदा असतांनाही इलिनॉयमध्यें ती जुन्या फ्रेंच मालकांच्या हक्काच्या व दीर्घ मुदतीच्या करारनाम्यांच्या आडोशानें टिकून होती. कोल्स यांनीं आपल्या पहिल्याच भाषणांत ती समूळ नष्ट करण्याची मागणी केली. उत्तरादाखल विरोधकांनीं घटना बदलण्यासाठीं परिषद बोलावण्याचा घाट घातला. गुलामगिरीस घटनेचें कवच मिळवून देणें हा त्यांतील अंतस्थ हेतु होता. त्यासाठीं दोनतृतीयांश मतें लागत होतीं, व एक मत कमी पडत होतें. तेव्हां पूर्वीं रीतसर बसविलेल्या एका सभासदास सभागृहांतून काढून त्याच्या जागीं अनुकूल मनुष्य बसविण्यापर्यंत मजल गेली. त्या रात्रीं राजधानी व्हँडेलिया येथें विजयी पक्षाची मिरवणूक निघाली व तिनें गव्हर्नराच्या बिऱ्हाडापुढें मुद्दाम आरडाओरड केली.

अंतिम निर्णय मतदारांच्या हातीं होता. दीड वर्ष प्रचाराचें रण माजलें. कोल्स यांनीं आपलें चार वर्षांचें सगळें वेतन या कार्यास वाहिलें, पत्रकें छापविलीं, दूरदूरच्या मित्रांकडून लेख मागविले. २ ऑगस्ट १८२४ रोजीं मतदान झालें. परिषदेच्या बाजूनें ४,९७२ व विरुद्ध ६,६४० मतें पडलीं. अवघ्या १,६६८ मतांच्या अंतरानें एका राज्याचें भवितव्य ठरलें. मुक्त केलेल्या गुलामांबद्दल कायद्यानें सांगितलेला जामीन भरला नाहीं, म्हणून कोल्स यांच्यावर फिर्याद होऊन २,००० डॉलरांचा दंड झाला. तो पुढें वरिष्ठ न्यायालयांत रद्द ठरला. परंतु विजयाचें वर्णन करतांना सत्य झांकूं नये. करारनाम्यांच्या आडची गुलामगिरी १८४८ च्या घटनेनेंच पूर्णपणें बंद पडली, आणि त्यानंतरही १८५३ सालीं मुक्त कृष्णवर्णीयांस राज्यांत येऊन राहण्याची मनाई करणारा कायदा याच भूमींत झाला.

काळ बदलला तशी गव्हर्नराची सत्ता वाढत गेली. १८४८ च्या घटनेनें कायदा परत धाडण्याचा अधिकार त्याच्या एकट्याकडे आला. १८७० च्या घटनेनें तो मोडण्यास दोनतृतीयांश मतें लागूं लागलीं व पुन्हां निवडून येण्याची बंदीही उठली. यादवी युद्धाच्या काळांत रिचर्ड येट्स या गव्हर्नरानें युलिसिस ग्रँट यांस एका पलटणीचा कर्नल नेमलें, आणि १८६३ सालीं प्रतिकूल विधिमंडळाची बैठकच तहकूब करून टाकली. परंतु या पदाची खरी कसोटी रणांगणावर लागली नाहीं. ती शिकागोच्या तुरुंगाच्या दाराशीं लागली.

४ मे १८८६ रोजीं शिकागोच्या हेमार्केट चौकांत मजुरांची सभा उठण्याच्या बेतांत असतांना पोलिसांवर बाँब पडला. सात पोलीस प्राणास मुकले. बाँब कोणी टाकला हें कधींच सिद्ध झालें नाहीं; तरी आठ अराज्यवाद्यांवर खटला होऊन सातांस फांशीची व एकास पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळचे गव्हर्नर रिचर्ड ओग्लस्बी यांनीं ज्या दोघांनीं दयेचा अर्ज केला त्यांची फांशी जन्मठेपेवर आणली. एकानें तुरुंगांतच आत्मघात केला. उरलेले चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं फांशीं गेले. मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं मुंबईच्या गिरणगांवांत जे लाल झेंडे पुढें फडकूं लागले, त्यांच्या मागें शिकागोच्या या घटनांची स्मृति आहे.

१८९२ सालीं जॉन पीटर आल्टगेल्ड गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांचा जन्म जर्मनींत झालेला. आईबापांबरोबर ते तान्हेपणींच अमेरिकेंत आले, यादवी युद्धांत शिपाई झाले, आणि स्वतःच्या कष्टानें वकील व न्यायाधीश झाले. तीन कैदी अद्याप तुरुंगांत होते. शहरांतील कित्येक प्रतिष्ठितांनींही त्यांना दया दाखवावी अशी विनंति केली होती. आल्टगेल्ड यांनीं नुसती दया दाखविली असती तर फारसा गवगवा न होतां प्रकरण मिटलें असतें. पण त्यांनीं खटल्याचे सारे कागद स्वतः वाचले आणि त्यांची खात्री झाली कीं येथें प्रश्न दयेचा नसून न्यायाचा आहे. २६ जून १८९३ रोजीं त्यांनीं तिघांस मुक्त केलें व त्याचीं कारणें एका दीर्घ निवेदनांत जाहीर केलीं : पंच हेरून निवडलेले होते, आरोपींचा गुन्हा पुराव्यानें शाबीत झाला नव्हता, न्यायाधीश पूर्वग्रहानें वागले होते.

देशभर संतापाचा आगडोंब उसळला. ज्या वर्तमानपत्रांनीं दयेला हरकत घेतली नसती त्यांनींही न्यायासनाचा दोष उघड करणें हा अक्षम्य अपराध मानला. आल्टगेल्ड यांना अराज्यवाद्यांचा पाठीराखा ठरविण्यांत आलें. त्याच उन्हाळ्यांत शिकागोचें जागतिक प्रदर्शन भरलें होतें आणि अडीच महिन्यांनीं तेथेंच स्वामी विवेकानंदांचें सर्वधर्मपरिषदेंतील भाषण झालें. जगाचें स्वागत करणारें तें शहर आपल्या गव्हर्नरास मात्र शिव्याशाप देत होतें. १८९४ च्या पुलमन संपांत, राज्यानें मागितलेलें नसतां अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं मध्यवर्ती सरकारचें सैन्य धाडलें, तेव्हां आल्टगेल्ड यांनीं त्याचाही निषेध केला. १८९६ च्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. संपत्ति गेली, पद गेलें. १९०२ सालीं ते निवर्तले. आज हेमार्केटच्या खटल्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक त्यांच्याच निर्णयाच्या बाजूनें उभे आहेत.

विसाव्या शतकांत हें पद मोठ्या यंत्राच्या चालकाचें झालें. १९१७ सालीं गव्हर्नर फ्रँक लोडेन यांनीं शंभरांहून अधिक विखुरलेलीं मंडळें व कचेऱ्या एकत्र करून नऊ खातीं बनविलीं. परंतु सत्ता एकवटली तसा मोहही एकवटला. ओटो कर्नर यांची कथा याची साक्ष आहे. १९६७ सालीं देशांतील वांशिक दंग्यांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि त्या आयोगानें गोऱ्या व काळ्या समाजांतील वाढत्या दरीवर निर्भीडपणें बोट ठेवलें. तेच कर्नर पुढें न्यायाधीश झाले आणि १९७३ सालीं घोड्यांच्या शर्यतींच्या मालकांकडून शेअरांच्या रूपानें लांच घेतल्याबद्दल दोषी ठरून तुरुंगांत गेले. डॅन वॉकर हे पद सोडल्यावर बँकेच्या व्यवहारांतील फसवणुकीबद्दल १९८७ सालीं दोषी ठरले. रॉड ब्लॅगोयेविच यांस, बराक ओबामा यांची सेनेटमधील रिकामी जागा विकावयास काढल्याच्या आरोपावरून, २००९ सालीं सेनेटनें ५९ विरुद्ध ० मतांनीं पदच्युत केलें व पुढें न्यायालयानें चौदा वर्षांची शिक्षा दिली.

पण या मालिकेंतील सर्वांत विचार करावयास लावणारें नांव जॉर्ज रायन यांचें आहे. १९७७ सालीं इलिनॉयनें देहान्त शिक्षा पुन्हां सुरू केली, तेव्हां विधिमंडळाचे सभासद या नात्यानें रायन यांनीं तिला मत दिलें होतें. १९९९ सालीं ते गव्हर्नर झाले त्या सुमारास एक भयंकर हिशेब पुढें आला : १९७७ नंतर बाराजणांस देहान्त झाला होता, तर शिक्षा झालेले तेराजण निर्दोष म्हणून सुटले होते. २००० च्या जानेवारींत त्यांनीं सर्व देहान्त शिक्षा स्थगित केल्या. मुदत संपण्यास दोन दिवस उरले असतां, ११ जानेवारी २००३ रोजीं, त्यांनीं १६७ कैद्यांची देहान्त शिक्षा एका फटक्यांत कमी केली. आदल्या दिवशीं चौघांस पूर्ण क्षमा केली. खून झालेल्यांच्या आप्तांनीं अश्रूंनीं व क्रोधानें याचा धिक्कार केला, आणि त्यांचें दुःख खोटें नव्हतें. या प्रयत्नाचा शेवट २०११ सालीं झाला; गव्हर्नर पॅट क्विन यांनीं देहान्त शिक्षा कायमची रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली.

आणि हेच रायन २००६ सालीं लांचलुचपतीच्या आरोपांत दोषी ठरले. ते राज्याचे चिटणीस असतांना त्यांच्या खात्यांत मोटार हांकण्याचे परवाने पैसे घेऊन दिले जात व तो पैसा त्यांच्या निवडणूक निधींत जाई. अशा परवान्याच्या एका मालमोटार चालकाशीं संबंधित अपघातांत १९९४ सालीं एका कुटुंबाचीं सहा मुलें मरण पावलीं. १६७ माणसांस मृत्यूच्या दारांतून परत आणणारा हात आणि त्या खात्यावर अधिकार चालविणारा हात एकच होता. एका कृत्यानें दुसरें धुऊन निघत नाहीं, आणि दुसऱ्यानें पहिलें कलंकित झालें असेंही म्हणतां येत नाहीं.

म्हणून या परंपरेचा धडा व्यक्तिपूजेचा नाहीं. घटना गव्हर्नरास लेखणी देते. ती धरणारा हात शुद्ध असेल याची हमी कोणतीच घटना देऊं शकत नाहीं. त्यासाठीं वर न्यायालय लागतें, समोर निर्भय वृत्तपत्र लागतें, आणि खालीं जागरूक मतदार लागतो. पण कधीं कधीं न्यायालय चुकतें, वृत्तपत्रें खवळतात आणि मतदारही भ्रमांत पडतात. त्या घटकेला एकाच माणसाची सही अन्याय थांबवूं शकते, ही सोय घटनेंत असावी हें शहाणपणाचेंच आहे. कोल्स यांनीं आपलें वेतन व आल्टगेल्ड यांनीं आपलें भविष्य देऊन त्या शहाणपणाची किंमत चुकती केली.