अडथळा निघाला, पण पाणी पोचले का?

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण अजूनही सहज म्हणतो. हात-पाय लुळे पडले, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, की दोष वाऱ्याकडे जातो. ‘अर्धांगवायू’ या शब्दातही वायूच आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न बहुतेक वेळा रक्ताचा असतो. तो तसा आहे हे कसे उमगले आणि उपाय सापडल्यावरही कोडे का उरले, ते आपण पाहू.

रक्त शरीरात अखंड फिरते हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. पुढे १६५८ मध्ये स्विस वैद्य योहान वेप्फर यांनी झटक्याने मेलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनावर ग्रंथ लिहिला. मेंदूतील रक्तस्राव त्यांनी दाखवलाच, शिवाय वाहिनी तुंबूनही मेंदूचे रक्त बंद पडू शकते असे सुचवले. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्को या जर्मन शास्त्रज्ञांनी एका जागी तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे अडकते, हे सिद्ध केले.

कारण कळले, पण उपाय नव्हता. १९३३ मध्ये विल्यम टिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंच्या द्रवात गुठळीतील धागे विरघळवणारा पदार्थ आढळला. गुठळी औषधाने विरघळवता येईल ही आशा तेथून बळावली. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. टीपीए हे औषध तीन तासांच्या आत दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते असे दिसले. मात्र मोठ्या रोहिणीतील मोठी गुठळी औषधाला सहसा दाद देत नाही. मग ती ओढूनच काढावी! जांघेतील रोहिणीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी पकडून बाहेर आणायची. अशा एका मळसूत्री तारेला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली.

आणि मग २०१३ साल आले. तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वर्षी प्रसिद्ध झाले आणि तिन्ही निराशाजनक ठरले. त्यांतील ६५६ रुग्णांच्या चाचणीत टीपीएनंतर नळीचाही उपचार झालेल्यांपैकी ४०.८ टक्के लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले. नुसते टीपीए मिळालेल्यांत हा आकडा ३८.७ होता. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. अनेकांच्या वाहिन्या तर उघडल्या होत्या!

याचा उलगडा होण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन, येन्स अ‍ॅस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. १० च्या आसपास आले की मात्र मरू लागतात. मधल्या भागाला त्यांनी ग्रहणातला शब्द दिला: उपच्छाया. उपचार वाचवतो तो या उपच्छायेलाच, आणि ती दर मिनिटाला आक्रसत जाते. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार मोठी रोहिणी तुंबल्यास सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात.

२०१३ च्या चाचण्यांत जुनी साधने होती, उशीर झाला होता आणि मोठी वाहिनी खरोखरच बंद आहे याची खात्री प्रत्येक वेळी केलेली नव्हती. २०१५ मधील पाच चाचण्यांत छायाचित्रणाने रुग्ण पारखून घेतले गेले, गुठळीला जाळीत पकडणारे नवे साधन आले आणि वेळ वाचवली गेली. पाचही चाचण्यांतील १,२८७ रुग्णांचा एकत्र विचार करता उपचार झालेल्यांपैकी ४६ टक्के स्वावलंबी झाले. इतरांत हे प्रमाण २६.५ टक्के होते. २०१८ मध्ये असेही दिसले की उपच्छाया शिल्लक असेल, तर निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही फायदा होतो.

पण यातच नवे कोडे आहे. याच रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांत रक्तप्रवाह समाधानकारक सुरू झाला होता. मग स्वावलंबी ४६ टक्केच का? पाटातला दगड काढला म्हणजे प्रत्येक सरीला पाणी पोचतेच असे नाही, आणि पोचेपर्यंत पीक वाळलेलेही असू शकते. १९६८ मध्येच एडलबर्ट एम्स यांना सशांच्या मेंदूत हे दिसले होते: थांबलेले रक्ताभिसरण पुन्हा सुरू केले, तरी काही भागांतल्या केशवाहिन्यांत रक्त शिरत नव्हते. म्हणून मोठी वाहिनी उघडल्यावर तेथेच आणखी औषध सोडून पाहिले गेले. बार्सिलोनाच्या २०२२ मधील १२१ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला. नंतरच्या काही चाचण्यांत मात्र तो स्पष्ट दिसला नाही. प्रश्न खुला आहे.

येथे दोन मोजपट्ट्या आहेत. एक वाहिनीची: रक्त वाहते का? दुसरी माणसाची: तो स्वतः उठतो, जेवतो, चालतो का? या दुसरीचा पाया स्कॉटलंडचे डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये घातला. पहिली मोजायला सोपी, म्हणून आम्हा संशोधकांना तिचा मोह पडतो; पण निवाडा दुसरीनेच व्हायला हवा. अभ्यासक्रम पुरा झाला आणि मुलांना समजले, यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

आणि वर्गात एवढे जरूर सांगू या: तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर वारे गेले म्हणून तेल चोळत बसायचे नाही. घड्याळ पाहायचे आणि थेट मोठे रुग्णालय गाठायचे.