डर्बनमधले तीन गुण

जिंकलेल्या दौऱ्याची नोंद एका ओळीत मावते. ब्रिटिश लायन्सचा दक्षिण आफ्रिका दौरा, 1997 : लायन्स विजयी, 2-1. या ओळीला जोडून रग्बीचे शौकीन हमखास म्हणतात, की त्या साली लायन्सचे नशीब जोरावर होते. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत आलो. हल्ली ते वाक्य तोंडातून सहज निघत नाही.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांचा मिळून लायन्स हा संघ दर चार वर्षांनी उभा राहतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्याकडे तो आळीपाळीने जातो, म्हणजे एकेका देशाच्या वाट्याला बारा वर्षांनी येतो. बऱ्याच खेळाडूंना असा दौरा आयुष्यात एकदाच मिळतो. क्रिकेटच्या पाच कसोट्यांत पंचवीस दिवस असतात. टॉस हरला, पाऊस आला, तरी भरपाईला वेळ उरतो. इथे तीन कसोट्या, प्रत्येकी ऐंशी मिनिटांच्या. सारे मिळून चार तास. एवढ्या अरुंद जागेत दैवाने नुसते कोपर मारले तरी पुरते.

28 जून 1997, डर्बनचे किंग्ज पार्क. पहिली कसोटी लायन्सनी केपटाउनला 25-16 अशी जिंकली होती, म्हणजे ही जिंकली की मालिका खिशात. समोर 1995 चे विश्वविजेते. पाहणाऱ्याला एकच संघ खेळतो आहे असे वाटावे इतके आफ्रिकेचे वर्चस्व होते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय होतो. त्याचे पाच गुण. आफ्रिकेने असे तीन ट्राय केले : व्हॅन डर वेस्टहायझेन, मॉन्टगोमेरी, जूबेर. लायन्सचा एकही नाही. मात्र ट्रायनंतर गोलखांबांमधून लाथ मारून आणखी दोन गुण मिळवता येतात, आणि पेनल्टी मिळाली तर तीन. आफ्रिकेच्या तिघांनी आळीपाळीने प्रयत्न केले आणि सगळे फसले. पंधरा गुण ते पंधराच राहिले. पलीकडे नील जेंकिन्सने पाच पेनल्टी शांतपणे खांबांमधून घातल्या. 15-15.

शेवटची काही मिनिटे उरली होती. लायन्सचा फ्लाय-हाफ ग्रेगर टाउनसेंड गोलरेषेकडे घुसला आणि माणसांच्या ढिगाखाली अडकला. ड्रॉप गोल, म्हणजे चालत्या खेळात चेंडू जमिनीवर टाकून खांबांमधून मारणे, हे खरे तर त्याचे काम. त्याच्या जागी उभा होता सेंटर खेळणारा जेरेमी गस्कट. मॅट डॉसनने चेंडू त्याच्याकडे फेकला, त्याने मारला. तीन गुण. 18-15, आणि मालिका.

आता यात नशीब किती? जेंकिन्स मूळचा फ्लाय-हाफ. त्याला फुल-बॅकला खेळवले ते धावण्यासाठी नव्हे, त्याच्या पायासाठी. प्रशिक्षक इयन मॅकगीचन यांचा तो हिशेब होता, आणि लाथेचे तंत्र घोटून घ्यायला डेव्ह ऑल्रेड हा खास माणूस दौऱ्यावर होता. आफ्रिकेने मात्र भरवशाचा किकर न घेताच सामना मांडला. 1995 च्या अंतिम सामन्यात ड्रॉप गोल मारून विश्वचषक मिळवून देणारा जोएल स्ट्रान्स्की संघात नव्हता. तिसऱ्या कसोटीला त्यांनी यानी डी बियरला आणले आणि 35-16 ने जिंकले, पण तोवर गाडी निघून गेली होती. ज्या गोष्टीवर तिसऱ्या सामन्यात इलाज सापडतो, तिला दुसऱ्या सामन्यात दुर्दैव म्हणायला माझे मन तयार होत नाही.

याचीच उलटी बाजू 1959 साली न्यूझीलंडमध्ये, ड्युनेडिनच्या पहिल्या कसोटीत दिसली होती. तेव्हा लायन्सनी चार ट्राय केले, न्यूझीलंडने शून्य. पण डॉन क्लार्कने सहा पेनल्टी मारल्या आणि लायन्स 17-18 असे हरले. त्या काळी ट्रायचे गुण फक्त तीन होते. 1997 च्या मोजणीने ते 25-18 असे जिंकले असते, आणि 1959 च्या मोजणीने डर्बनला आफ्रिका 9-18 अशी साफ हरली असती. मोजणी मात्र दोन्ही संघांना सामन्याआधीपासून ठाऊक होती. क्लार्कला संघात कशासाठी ठेवले आहे हेही.

खरे नशीब मला दुसरीकडेच दिसते. पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी, त्याच किंग्ज पार्कवर, नाताळविरुद्धच्या सामन्यात लायन्सचा पहिल्या पसंतीचा स्क्रम-हाफ रॉब हाउली याचा खांदा निखळला. दौरा संपला. त्याच्या जागी डॉसन आला. केपटाउनला 15-16 असे मागे असताना या बदली माणसाने चेंडू आत फेकतोय अशी हूल दिली. आफ्रिकेचे खेळाडू क्षणभर थबकले आणि तो कडेने जाऊन ट्राय करून आला. गस्कटकडे चेंडू फेकणाराही तोच. हाउली असता तर आणखी सरस काही घडले असते, की काहीच नाही? याला हिशेब नाही.

आणि दैवाचे माप आफ्रिकेचे प्रशिक्षक कारेल डू प्लेसी यांच्याही पदरात पडले. मालिका गेली, मागोमाग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडबरोबरच्या तिरंगी स्पर्धेतही घसरण झाली, आणि पद गेले. त्यांच्यानंतर निक मॅलेट आले आणि आफ्रिकेने लागोपाठ 17 कसोट्या जिंकल्या. तेव्हा तो बरोबरीचा विक्रम होता. कर्णधारही तोच, गॅरी टाइकमन. या सतरांतली पहिली कसोटी ऑगस्ट 1997 मधली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध 61-22. त्या दिवशी प्रशिक्षक अजून डू प्लेसीच होते.