खुडूक कोंबडी आणि अंड्यांचा हिशेब

संगमनेर तालुक्यात कुक्कुटपालन म्हटले की आता हजारो पक्ष्यांच्या लांबलचक शेडच डोळ्यांपुढे येतात. तरीही प्रवरेकाठच्या वस्त्यांवर आणि शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात परसातील पाच-दहा गावरान कोंबड्यांनी आपली जागा सोडलेली नाही. त्यांच्या अंड्यांचे पैसे बहुधा घरातील बाईच्या हाती राहतात. म्हणूनच अंडी थांबली की हक्काची मिळकत आटते आणि कोंबडीला बाजार दाखवला जातो. प्रत्यक्षात तिचे हे थांबणे बहुतेक वेळा दोष नसून शरीरधर्म असतो.

गावरान तलंग साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात अंड्यावर येते. अंडाशयातून बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २५ तास लागतात. त्यातील जवळजवळ २० तास केवळ कवच चढण्यात जातात. साहजिकच अंडे घालण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, दुपारपर्यंत पोहोचते आणि मग एखाद्या दिवसाचा खाडा पडतो. अशी दहा-पंधरा अंडी झाली की कोंबडी खुडूक होते. ती खुराड्यातून उठत नाही, पिसे फुलवते, जवळ जाणाऱ्यावर धावते. वर्षाकाठी तिची अंडी पन्नास-साठच्या घरात भरतात, त्याचे मुख्य कारण हेच.

पिल्ले हवी असतील तर याच स्वभावाचे सोने करता येते. आठवड्याच्या आतली, स्वच्छ, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर धरून पाहिले असता ज्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही ती अंडी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पिल्ले नको असतील तर तिला पाण्यात बुचकळण्याची जुनी रीत टाळावी. जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवले तरी खुडूकपणा उतरतो. अंडी रोज उचलल्यासही तो लांबतो.

उजेडाचा संबंध अनेकांच्या ध्यानात येत नाही. संगमनेरला जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. अंड्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास प्रकाश मानवतो. हिवाळ्यात पहाटे खुराड्यात लहानसा दिवा लावल्यास फरक पडतो. पिसे झडण्याच्या काळात मात्र दिव्याचाही उपयोग नाही. तेव्हा प्रथिनयुक्त खाद्य द्यावे आणि धीर धरावा. एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, परिणामी कवच पातळ होते. सावली आणि गार पाणी हाच त्यावरचा पहिला उपाय. कवच रात्री चढत असल्याने शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी ठेवलेला बरा.

बहुतेक अंडी सकाळी घातली जातात. उजाडताच कोंबड्या सोडल्या तर अंडे शेजारच्या कडब्याच्या गंजीत सापडते, किंवा सापडतच नाही! चार-पाच कोंबड्यांमागे भुसा किंवा गवत घातलेली एक अंधारी पाटी पुरते.

सगळी काळजी व्यर्थ ठरवणारा रोग म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचण्याची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. चार-दोन कोंबड्यांसाठी लसीची आख्खी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून वस्तीने मिळून एकाच दिवशी लसीकरण करणे शहाणपणाचे.

वनराजा, गिरिराज या सुधारित जाती वर्षाला शंभरहून अधिक अंडी देतात. परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत आणि त्यांच्या पुढच्या पिढीत ते उत्पादन टिकत नाही. दर खेपेस पिल्ले विकतच आणावी लागतात. ही पिल्ले वाढवायला घरात एखादी गावरान खुडूक कोंबडी असेल तर रात्रीच्या अंधारात तिच्या पंखांखाली सरकवावीत. सकाळपर्यंत ती बहुधा त्यांना आपली मानते.