दोन नंबरचा रिमोट

चंद्रावर पहिलं पाऊल कुणी ठेवलं हे शाळेतलं कुठलंही पोर सांगेल. दुसरं कुणी, म्हणून विचारलं की मास्तरसुद्धा खडू शोधायला लागतात. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं तेच झालं आहे. तो लिहिला एक नंबरचा रिमोट हाती असलेल्यांनी. आम्ही धाकटी भावंडं म्हणजे दोन नंबरची. ‘दोन नंबर’ म्हटलं की सभ्य लोकांना काळा पैसा आठवतो; मला आठवतो उडीचं बटण न चालणारा एक करडा रिमोट.

जाणकार त्याला कंट्रोलर म्हणतात. नांदेडात आम्ही टीव्हीसमोर हातात धरायच्या प्रत्येक वस्तूला रिमोटच म्हणत असू. मग तिला हातभर वायर का असेना.

आता थोडा इतिहास. घरच्या टीव्हीवर खेळायचं पहिलं यंत्र अमेरिकेत १९७२ साली बाजारात आलं. नाव ओडिसी, मूळ कल्पना राल्फ बेअर या गृहस्थांची. त्याला दोन डबे होते, त्यांच्यावर पिळायच्या खुंट्या, आणि दोन्ही डबे अगदी सारखे. १९७७ साली अटारीचं यंत्र आलं. त्याच्या दोन्ही दांड्याही सारख्या. म्हणजे पहिली दहा वर्षं समतेची. १९८२ साली जपानच्या गुनपेई योकोई यांनी दांडी काढून तिथं अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. इथवर सगळं गोड चाललं होतं.

मग जुलै १९८३ उजाडला. मासायुकी उएमुरा यांनी तयार केलेलं निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात विक्रीला आलं आणि जन्मज्येष्ठता कायम झाली. खेळ सुरू करायचं ‘स्टार्ट’ आणि निवडायचं ‘सिलेक्ट’ ही दोन्ही बटणं फक्त पहिल्या रिमोटला. दुसऱ्याला त्यांच्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन! म्हणजे धाकट्यानं ओरडावं हवं तेवढं, पण काही सुरू करायचा अधिकार त्याला नाही. एकत्र कुटुंबपद्धती त्या जपानी इंजिनियरला इतकी नेमकी कशी कळली, देव जाणे. बिघाडाची परंपराही तिथलीच. सुरुवातीच्या यंत्रांची चौकोनी रबरी बटणं झिजली की अडकून बसत, म्हणून पुढे गोल प्लॅस्टिकची करावी लागली.

या यंत्राच्या तैवान-चीनकडच्या नकला नव्वदच्या दशकात मजल दरमजल करीत गोदावरीकाठी आमच्या घरी पोचल्या. नक्कल करणाऱ्यानं आमच्या यंत्रातला मायक्रोफोन तेवढा गाळला होता. स्टार्ट मात्र दिलं नव्हतंच. ओरडायचं काम मी बिनमायक्रोफोनचं करीत असे.

आमच्याकडे ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट होती. हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. त्यात एक धबधबा येतो. उड्या मारीत वर वर चढायचं. पुढचा चढला की पडदाही वर सरकतो, आणि मागचा जर पडद्याखाली राहिला तर तो मेला. माझ्या रिमोटचं उडीचं बटण चार वेळा दाबावं तेव्हा एकदा चाले. दादा टणाटण वर जाई आणि मी खाली मरे. माझे जीव संपले की त्या खेळात जोडीदाराचे उरलेले जीव उसने घेता येत. ते मी न विचारता घेई. ‘आई, ही माझा जीव खायली बघ!’ ही दादाची तक्रार मराठी भाषेच्या इतिहासात पहिल्यांदाच शब्दशः खरी ठरली असावी.

मी म्हणे, ‘बटण चालत नाही.’ दादा म्हणे, ‘बटण दाबायलीस का कुरवाळायलीस? तुला खेळता येत नाही, तर रिमोटला कशाला नावं ठेवतीस?’ त्यावर आई, ‘पोरीच्या जातीला कशाला पाहिजे असली मारामारी?’ अशी पुरवणी जोडी. सहा महिन्यांत माझीही खात्री पटत चालली होती की, आपल्या अंगठ्यातच काहीतरी कमी आहे.

मे महिन्यात आम्ही आजोळी, लातूरला जात असू. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटी जवळजवळ दीडशे किलोमीटर हाडं खिळखिळी करी. त्या वर्षी पिशवीत आमच्याबरोबर व्हिडिओ गेमही होता. मामा रेडिओ, इस्त्री, मिक्सर यांचे हौशी डॉक्टर. लातूर तेव्हा अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’साठी गाजू लागलं होतं, मामांचा पॅटर्न दुरुस्तीचा होता. त्यांनी आमचं भांडण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘खेळ सुरू करा. झाला? आता तिचा प्लग तुझ्या खाचेत घाल अन् तुझा तिच्या.’

बस्स, एवढंच. मूळ जपानी यंत्रात दोन्ही रिमोटच्या वायरी पोटात गेलेल्या असत, त्यामुळे ही अदलाबदल जमलीच नसती. आमचं यंत्र नकली, म्हणून प्लगवालं, म्हणून न्याय मिळाला. धबधबा आला. मी टणाटण वर गेले. दादा खाली मेला. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेला तेव्हा म्हणाला, ‘मामा, हे बटण चालत नाही.’ हे वाक्य मी सहा महिने म्हणत होते. पण एक नंबरवाल्याच्या तोंडून आलं तेव्हा कुठे त्याची नोंद झाली.

मग मामांनी रोगनिदान समजावलं. रिमोटमध्ये बटणं आठ, पण वायरी पाचच. एक विजेची, एक परतीची, आणि बाकी तिघींत सगळा कारभार. यंत्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा विचारतं, ‘कोणकोण दाबलंय?’ आतली चिप त्या क्षणाची हजेरी टिपते आणि आठही बटणांचे जबाब एकाच वायरीवरून एकामागोमाग एक पाठवते. म्हणून वायर तुटली तर सगळीच बटणं गप्प होतात किंवा वायर वाकवली की येतात-जातात. असा तुटवडा बहुधा रिमोटच्या मानेपाशी असतो. तेवढा तुकडा कापायचा आणि नव्यानं डाख लावायचा. पण सात बटणं धडधाकट आणि एकच मुकं, तर वायर निर्दोष, चिपही निर्दोष. दोष त्या बटणाखालच्या रबराचा.

मामांनी स्क्रू काढले. प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी आणि तिच्या पोटाला कार्बनची काळी टिकली. दाबलं की टिकली खालच्या पट्टीवर टेकते आणि वीज पलीकडे जाते. माझ्या उडीची टिकली झिजून पांढुरकी झाली होती. पट्टीवर घामाचा आणि चिवड्याच्या तेलाचा थर. पट्टी खोडरबरानं घासली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी टिकलीएवढी कापून चिकटवली. (सिगारेट मामांची नव्हती, असं मामींना सांगण्यात आलं.)

चांदी जेमतेम सुट्टी संपेपर्यंत टिकली. मग मामा मला गंजगोलाईत घेऊन गेले. त्या गोल बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. आम्ही बहुतेक पालथे घातले. नऊ टाचण्यांचा प्लग हवा तर पंधरा टाचण्यांचा मिळे. शेवटी एका दुकानात मापाचा रिमोट सापडला आणि त्याला चक्क स्टार्टचं बटण होतं! दादाइतकीच बटणं. एसटीत तो मी नांदेडपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

आता रिमोटला वायर नाही, बोटाखाली फिरणारी दांडी आहे, पण आत तोच जुना वैरी आहे. बहुतेक दांड्यांखाली कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा स्पर्शक असतो. पट्टी झिजली की दांडीला हात न लावता पडद्यावरचा माणूस चालू लागतो. अमेरिकेत या दुखण्यावरून २०१९ साली निन्टेन्डोवर दावे झाले आणि २०२० साली कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या दांड्या सेगानं १९९६ सालीच करून दाखवल्या होत्या. आपल्या सरकारनंही २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक संकेतस्थळ काढलं. मामांनी हा हक्क कुणाला न विचारताच बजावला होता.

गेल्या दिवाळीत दादाची मुलगी खेळत होती आणि तिचा माणूस सारखा डावीकडे चालला होता. सोफ्यावरून दादा म्हणाला, ‘हात स्थिर ठेव की गं. तुला जमत नाही ते.’ मी म्हटलं, ‘बाळ, रिमोट टेबलावर ठेव आणि बाजूला हो.’ ती बाजूला झाली. माणूस डावीकडे चालतच राहिला. तो भिंतीला जाऊन थडकेपर्यंत दादा त्याच्याकडे बघत होता. मग उठून स्क्रूड्रायव्हर शोधायला गेला.

घरोघरी, कचेरी-कचेरीत दोन नंबरचे रिमोट असतात. ते धाकट्याच्या, नव्या सुनेच्या, नाहीतर नव्या कारकुनाच्या हाती दिले जातात आणि वर ऐकवलं जातं, ‘तुला जमत नाही.’ नसेलही जमत. पण तसं म्हणण्याआधी एकदा प्लग बदलून बघावा. त्याला खर्च काहीच येत नाही.